साभार: गूगल

वर्गणीच्या पावत्या फाडत बसले होते तेव्हा फोन आला. अनोळखी नंबर.

"मॅडम, 'आपला सिंधुदुर्ग' हा स्लाइड शो तुमच्याच वाचनालयाचा ना? शेवटी तुमचा नंबर दिलाय."

मला वाटलं, कौतुकाचा फोन. लिंक टाकून पाच दिवस झाले होते. गणपती आटपून मुंबईला परत गेलेल्या चाकरमान्यांनी ती इतकी फिरवली होती, की माझ्याच मावसभावाने ती मला 'बघ, कोणीतरी काय छान केलंय' म्हणून पाठवली. "हो, मीच केलाय," मी म्हटलं.

"सातवी स्लाइड बघा. किल्ला, पहाटेचा, दर्याच्या बाजूने. तो फोटो माझा आहे."

मी गप्प. तोही क्षणभर गप्प. मग त्याने अगदी साध्या आवाजात विचारलं, "कोपऱ्यात माझं नाव होतं. ते तुम्ही कापलंत, की तुम्हाला कापलेलाच मिळाला?"

"मिळाला तसाच लावला हो," मी पटकन म्हणाले.

तो ओरडला असता, पैसे मागितले असते, तर मीही आवाज चढवला असता. पण तो नुसतं "बरं" म्हणाला. फोटो तेवढा काढून टाका, असं सांगून त्याने फोन ठेवला.

रात्री घरी जाऊन लॅपटॉप उघडला. सातव्या स्लाइडवर फोटो निवडला आणि काढून टाकण्याऐवजी त्यावर दोनदा क्लिक झालं. ज्यांनी गूगल स्लाइड्स वापरलंय त्यांना ठाऊक असेल, की तिथे फोटो कापला तरी तो खरा कापला जात नाही, नुसता झाकला जातो. दोनदा क्लिक केलं की कापलेला भाग अंधुक होऊन पुन्हा दिसायला लागतो. तसा तो दिसला. वर थोडं आकाश, डावीकडे एका होडीची नाळ आणि उजव्या कोपऱ्यात खाली, पाण्यावर, पांढऱ्या बारीक अक्षरांत त्याचं नाव.

मीच कापलं होतं. आता आठवलं. स्लाइडच्या खालच्या पट्टीत 'सिंधुदुर्ग, मालवण' लिहायचं होतं आणि ती अक्षरं मधे येत होती. कोणाचं तरी नाव कापतोय असं तेव्हा मनात आलंच नव्हतं. फोटोवर काहीतरी लिहिलंय, ते अडचण करतंय, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी त्याला फोन करून ते सांगितलं. त्याबद्दल पुढे येतंच.

हा उद्योग सुरू कसा झाला ते आधी सांगते. ११ जुलै २०२५ ला युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. त्यातले दोन आमच्या जिल्ह्यातले, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग. वाचनालयाच्या बैठकीत ठरलं, की नोव्हेंबरात जागतिक वारसा सप्ताह असतो, तेव्हा सभागृहात स्लाइड शो करायचा. किल्ले तर हवेतच, पण नुसते किल्ले नकोत, दशावतार, गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, चित्रकथी, इथले चित्रकार, आंबोलीचा पाऊस, सगळं हवं. मी सचिव, शिवाय घरात लॅपटॉप असलेली, त्यामुळे काम माझ्या गळ्यात पडलं. अध्यक्षकाका म्हणाले, "आधी लिंक टाक गो सगळीकडे. लोकांका कळाक नको?"

तीन संध्याकाळी ४२ स्लाइड झाल्या. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. 'इन्सर्ट'मध्ये जायचं, वेबवर शोधायचं, उजवीकडे चित्रांची रांग लागते, बाजारात बांगडे निवडावेत तसे चार-दोन उचलायचे की ते स्लाइडवर येऊन पडतात. पडताना मात्र आपलं गाव विसरून येतात. कुठल्या पानावरून आला, कोणी काढला, कधी काढला, यातलं स्लाइडवर काही उरत नाही. नुसतं चित्र. मग 'पब्लिश टू द वेब', तीन सेकंदांनी पुढची स्लाइड, शेवटची झाली की पुन्हा पहिली, आणि लिंक तयार.

शेवटच्या स्लाइडवर मी मोठ्या सचोटीने लिहिलं होतं: 'छायाचित्रे साभार: गूगल'. पत्र छान लिहिलंय म्हणून पोस्टमनची पाठ थोपटावी, तसला हा प्रकार.

तर, दुसऱ्या दिवशीचा फोन. मी म्हटलं, "नाव मीच कापलं होतं. काल खोटं बोलले. खरं तर आठवत नव्हतं, पण बोलले ते खोटंच."

तो हसला. मग बराच वेळ बोलला. मालवणचाच मुलगा, लग्नाचे फोटो काढतो. "मॅडम, लग्नाला तुम्ही मला पैसे देऊन बोलावता ना, तर वेगळा करार नसेल तर ते फोटो कायद्याने तुमचे. माझे नाहीत. वर्षभर मी लोकांचेच फोटो काढतो. हा एक माझा. ओळखीच्या मच्छीमाराच्या होडीतून तीन पहाटे गेलो. दोनदा ढग. तिसऱ्यांदा सुकती होती, तटाखालचा खडक उघडा पडला होता, तेव्हा हा मिळाला. कॅलेंडरवाल्यांना विकायचा म्हणून ठेवलाय. तो तुमच्या स्लाइडवरून कोणीही उचलेल, आणि नाव तर आता नाहीच."

लग्नाच्या फोटोंचं त्याने सांगितलेलं मी नंतर ताडून पाहिलं. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या सतराव्या कलमात ते आहे. मोबदला देऊन कोणाच्या सांगण्यावरून फोटो काढला, तर वेगळा करार नसल्यास पहिला हक्क सांगणाऱ्याचा. एरवी ज्याने काढला त्याचा. हक्क मिळण्यासाठी कुठे नोंदणी करावी लागत नाही, कोपऱ्यात तो गोलातला सी लिहावा लागत नाही. फोटो काढला की झाला. आणि २०१२च्या दुरुस्तीपासून फोटोलाही चित्राइतकीच मुदत आहे, काढणाऱ्याचं आयुष्य आणि वर ६० वर्षं. म्हणजे मोबाइलवर काढलेला माझ्या मांजराचा फोटोसुद्धा माझ्या नातवंडांपर्यंत माझा.

मी त्याच दिवशी लिंक बंद केली. अध्यक्षकाका वैतागले. "एक फोटो काढून टाक ना! अख्खो शो कित्याक बंद?" पण मला बाकीच्या ४१ स्लाइडची भीती बसली होती. तो मालवणचा होता म्हणून फोन आला. बाकीचे कुठले कोण?

मग मी एक वही घातली. स्लाइडचा नंबर, चित्र कशाचं, कुठून आलं, कोणाचं, वापरायची परवानगी कशी. पहिल्या दिवशी पाचवा रकाना पूर्ण रिकामा होता आणि चौथा जवळजवळ रिकामा. चित्रावरूनच चित्र नेटवर शोधायला दोन वाटा होत्या. एक गूगल लेन्स, दुसरी टिनआय. टिनआयचा फायदा असा, की चित्र टाकलं की ते जिथे जिथे सापडलं त्या जागा सर्वांत जुनीपासून लावता येतात. बहुतेक वेळा सर्वांत जुन्या जागेच्या आसपासच खरा धनी असतो. नेहमी नाही, पण बहुतेक वेळा.

पहिल्याच संध्याकाळी तिसरी स्लाइड बाद झाली. बुरुजाचा जवळून घेतलेला फोटो, खाली लाटा, मी लिहिलेलं 'सिंधुदुर्गाचा अभेद्य तट'. मूळ पान सापडलं तर तो मुरूडचा जंजिरा! वाचनालय सिंधुदुर्ग जिल्ह्यातलं, स्लाइड शोचं नाव 'आपला सिंधुदुर्ग' आणि दाखवतोय काय, तर सिद्दीचा किल्ला. मालवणातल्या एकाही माणसाने हे पाच दिवसांत सांगितलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं. तीन सेकंदांत स्लाइड पुढे जाते, हे एक कारण असेल.

पण खरा धडा सव्विसाव्या स्लाइडने दिला. दिव्यावर हाताचा आडोसा धरून चाललेली ती साडीतली बाई. तुम्ही पाहिलेली आहे, कॅलेंडरवर, डॉक्टरच्या खोलीत, कुठे ना कुठे. मला सापडलेल्या पानावर 'राजा रविवर्मा' होतं, म्हणून मीही तसंच लिहिलं. कोकणाशी त्याचा काय संबंध, असं कोणी विचारलं असतं तर 'रविवर्म्याचा छापखाना मुंबईत होता' असं काहीतरी सांगितलं असतं. स्लाइड सुंदर दिसत होती, बाकी काही नाही.

वही घेऊन मी आमच्या शाळेच्या निवृत्त ड्रॉइंग सरांकडे गेले होते, दुसऱ्याच एका चित्राबद्दल विचारायला. त्यांनी पान उलटलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"हे कोणाचं लिहिलंयस?"

"रविवर्म्याचं."

"रविवर्मा १९०६ साली गेला. हे चित्र चाळिशीच्या दशकातलं आहे. हे हळदणकरांचं. सावळाराम हळदणकर. आणि ते कुठले ठाऊक आहे?"

मला ठाऊक नव्हतं.

"सावंतवाडीचे," सर म्हणाले आणि चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

चित्राचं नाव 'ग्लो ऑफ होप'. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या संग्रहालयात आहे, आणि रविवर्म्याचं म्हणून ते देशभर फिरतं. आमच्या जिल्ह्याच्या स्लाइड शोमध्ये आमच्या जिल्ह्यातल्या चित्रकाराचं चित्र मी दुसऱ्याच्या नावाने लावलं होतं, तेही त्याच्या गावापासून तासाभराच्या अंतरावर बसून. लग्नाचे फोटो काढणाऱ्या त्या मुलाचं नाव तरी मी जागा हवी म्हणून कापलं. इथे तर कापायलाही नाव नव्हतं, आधीच कोणीतरी भलतं चिकटवलं होतं.

बरं, नाव दुरुस्त करून प्रश्न सुटला असता तर ठीक. रविवर्म्याची चित्रं मोकळी आहेत, त्याला जाऊन शंभरावर वर्षं झाली. कोल्हापूरच्या धुरंधरांचीही मोकळी आहेत, ते १९४४ साली गेले. हळदणकर मात्र गेले १९६८ साली. मुदत मोजायची ती पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं, म्हणजे ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत चित्राचा हक्क शाबूत. ही मुदत आधी ५० वर्षांची होती. टागोरांच्या साहित्याची मुदत १९९१ संपताना संपत आली, तेव्हा ती १० वर्षांनी वाढवली गेली. म्हणजे आमच्या सव्विसाव्या स्लाइडच्या आड टागोर येऊन उभे राहिले, असं मी सरांना म्हटलं. ते हसले नाहीत. हळदणकरांच्या स्लाइडवर रविवर्मा लिहिणाऱ्या बाईने विनोद करू नयेत, असं त्यांचं मत पडलं असावं.

मग करायचं काय? चित्र काढलं तर सावंतवाडीचा एवढा मोठा चित्रकार स्लाइड शोतून जाणार. आमच्या सभासदांपैकी एक वकील आहेत, त्यांना विचारलं. ते म्हणाले, "बावन्नावं कलम वाच. त्यात सवलतींची यादी आहे. शिक्षकाला वर्गात शिकवताना सवलत आहे, पण तुझं वाचनालय म्हणजे वर्ग नव्हे. समीक्षेसाठी वाजवी वापर चालतो. पण समीक्षा खरी हवी. चित्र लावलं आणि खाली 'सुंदर' लिहिलं, ही समीक्षा नाही."

ते मला पटलं, कायद्यापलीकडेही पटलं. चित्र दाखवायचं असेल तर त्याच्याबद्दल काही म्हणायला हवं, नाहीतर ती नुसती भिंत रंगवणं. सरांना गळ घातली, की सभागृहात ही स्लाइड तुम्ही बोला. नेटवरच्या शोमध्ये चित्र नाही, नुसतं नाव, जन्मगाव, संग्रहालयाचं नाव. ते तयार झाले, पण अट घातली. तीन सेकंद नाही, दहा मिनिटं.

किल्ल्यांच्या आणि निसर्गाच्या चित्रांसाठी विकिमीडिया कॉमन्स, म्हणजे विकिपीडियाच्या घरातलं चित्रांचं कोठार, कामाला आलं. तिथे प्रत्येक चित्राच्या पानावर परवाना लिहिलेला असतो आणि चित्राखाली कोणती ओळ छापायची तीही तयार मिळते. क्रिएटिव्ह कॉमन्स म्हणजे 'या अटींवर खुशाल वापरा' असं आधीच सांगून ठेवणारे परवाने. त्यांची अक्षरं पहिल्यांदा बघितली की रेल्वेच्या तिकिटावरच्या सांकेतिक अक्षरांसारखी वाटतात. पण ती चारच आहेत. बाय म्हणजे नाव द्या. एसए म्हणजे चित्र बदलून नवं केलंत तर तेही याच अटीवर लोकांना द्या. एनसी म्हणजे व्यापारी वापर नको. एनडी म्हणजे चित्रात फेरफार करून ते वाटू नका. सीसी झीरो असेल तर काहीच अट नाही. बाय आणि एसए मला सोपे गेले. एनसीवर मी अडले. कार्यक्रम फुकट, पण आमच्या शेवटच्या स्लाइडवर एका सराफाची जाहिरात होती. प्रोजेक्टरचं भाडं त्यांनी दिलं होतं. मग हा व्यापारी वापर की नाही? याच्यावर समितीत तासभर चर्चा झाली आणि चहा दोनदा झाला. मी एनसीची सगळी चित्रं काढून टाकली. सराफ काढण्यापेक्षा ते सोपं होतं.

कॉमन्सवर आहे म्हणून डोळे झाकून घ्यावं, असंही नाही. विजयदुर्गाचा एक झकास फोटो तिथे मिळाला, परवाना मोकळा. टिनआयमध्ये टाकला तर त्याच्या तीन वर्षं आधी तो एका ट्रेकरच्या पानावर होता, खाली 'सर्व हक्क राखीव'. मधल्या कोणीतरी तो स्वतःचा म्हणून चढवला होता. दुसऱ्याची म्हैस बाजारात नेऊन फुकट वाटण्याचा प्रकार. मी तो सोडला आणि कॉमन्सवर तशी खूणही करून ठेवली. अनस्प्लॅश, पेक्सेल्स या फुकट फोटोंच्या जागाही धुंडाळल्या. फोटो देखणे, पण 'कोकण' टाकलं की केरळ येतं. चिनी जाळ्यांचे इतके फोटो पाहिले, की मला कोचीला जाऊन आल्यासारखं वाटायला लागलं.

शिवाजी महाराजांचं चित्र आधी मी एका कॅलेंडरवरून घेतलं होतं, हल्लीच्या चित्रकाराचं, अर्थात नावाशिवाय. ते काढलं. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये महाराजांचं सतराव्या शतकातलं चित्र आहे आणि त्या संग्रहालयाने आपली जुनी चित्रं सगळ्यांना मोठ्या आकारात उतरवून घ्यायला मोकळी ठेवली आहेत. पाच मिनिटांत मिळालं, तेही इतकं स्वच्छ की अंगरख्यावरची नक्षी मोजावी. मालवणच्या किल्ल्याच्या फोटोसाठी महिनाभर धडपड आणि साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या चित्रासाठी पाच मिनिटं!

वाचनालयाच्या कपाटात १९३८ सालचा सभासदांचा ग्रुप फोटो होता, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला. टोप्या, काठ्या, मधे हार घातलेले कोणी पाहुणे. एवढ्या जुन्या फोटोची मुदत कुठल्याही हिशेबाने संपलेली. पण आता मला खोड लागली होती. पुठ्ठा उलटा केला, सुलटा केला, तिरका धरला, तेव्हा खाली उजवीकडे शाई नसलेला, नुसता दाबून उठवलेला शिक्का दिसला. स्टुडिओचं नाव आणि गाव. बोटाने चाचपत वाचलं. कायद्याने लिहायची गरज नव्हती, तरी ते मी स्लाइडवर लिहिलं.

चित्रकथीच्या स्लाइडसाठी पिंगुळीला गेले. आमच्यापासून लांब नाही, पण जाणं होत नव्हतं. चित्रकथी ही खरं तर स्लाइड शोची आजी. चित्रांची चळत, तिला म्हणायचं पोथी, आणि गाणारा एकेक चित्र समोर धरत रामायण-महाभारतातली गोष्ट सांगत जातो. पान बदलायला रिमोट नाही, सूर बदलला की पान बदलतं. ठाकर समाजाने ती सांभाळली, सावंतवाडीच्या दरबाराचा तिला आश्रय होता, आणि २०२१ साली परशुराम गंगावणे यांना त्यासाठी पद्मश्री मिळाली. मी ज्यांना भेटले ते दुसरे एक वयस्क कलाकार. मी त्यांना पोथीच्या पानाचा नेटवरचा फोटो मोबाइलवर दाखवला आणि विचारलं, हे चित्र कोणाचं लिहू?

त्यांनी मोबाइल लांब धरून पाहिला. "चितारणारो कोण होतो ता कोणाकच म्हायत नाय गो. पण पोथी खंय आसा ता लिव. आणि फोटो कोणी काढल्यान ता लिव."

फोटो कोणी काढला ते सापडत नव्हतं. तेव्हा त्यांनीच त्यांच्याकडचं एक पान बाहेर आणून ओसरीवर ठेवलं आणि म्हणाले, तूच काढ. पानाच्या कडा बोटांनी गुळगुळीत झालेल्या. मागच्या बाजूलाही चित्र, कारण दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. मोबाइलवर काढला, सावली पडली, पुन्हा काढला. स्लाइडखाली लिहिलं: चित्र, पारंपरिक, चित्रकार अज्ञात, पोथी पिंगुळीची, अमक्यांच्या घरची, छायाचित्र माझं. ओळ चित्रापेक्षा जरा जडच झाली. असू दे.

एव्हाना बोटी सुरू झाल्या होत्या. पावसाळ्यात मालवण जेटीवरून किल्ल्यावर जाणं बंद असतं. एका रविवारी गेले आणि किल्ल्याचे माझेच तीसेक फोटो काढले. इमारतीचा फोटो काढायला किंवा सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पाचा फोटो काढायला कायद्याची आडकाठी नाही, हेही त्या बावन्नाव्या कलमातच आहे. माझे फोटो त्या मुलाच्या फोटोसमोर काहीच नव्हते. भरदुपारचं ऊन, तटावर प्लास्टिकची पिशवी. पण १६६४ साली कुरटे बेटावर काम सुरू झालं आणि तीन वर्षांत एवढा तट उभा राहिला, हे वाक्य ज्या स्लाइडवर होतं, तिच्यावर तटाचे दगड दिसणं पुरेसं होतं.

पार्श्वसंगीताचं लांबण लावत नाही. रेकॉर्डवरचं जुनं भावगीत काढलं आणि शो मुका ठेवला.

मग पुन्हा त्या मुलाला फोन केला. यावेळी विचारायला. किल्ल्याचा तुझा फोटो सभागृहात दाखवू का, नावासकट? नेटवर?

"सभागृहात दाखवा," तो म्हणाला. "मी मूळ फाइलच पाठवतो, नेटवरून घेतलेला फाटेल पडद्यावर. पण नेटवर नको. आणि मॅडम, लिहून पाठवाल का दोन ओळी? कुठे, किती वेळा, ते?"

मी लिहून पाठवलं. एकदाच, वाचनालयाच्या सभागृहात, नोव्हेंबरात. त्याचं उत्तर आलं, 'चालेल'. ते एका शब्दाचं उत्तर मी वहीत सात नंबरसमोर पाचव्या रकान्यात उतरवलं आणि छापूनही ठेवलं.

म्हणून आता शोचे दोन अवतार आहेत. सभागृहाचा ३८ स्लाइडचा, नेटवरचा ३४ स्लाइडचा. नेटवरच्यात सातव्या जागी माझा प्लास्टिकच्या पिशवीचा फोटो आहे, पिशवी कापून. स्वतःच्या फोटोतून कापलं की कोणाला विचारावं लागत नाही. बघणाऱ्यांना उतरवून घ्यायचा, छापायचा पर्याय दिसू नये म्हणून शेअरच्या सेटिंगमधली ती खूण काढून टाकली. कोणी पडद्याचाच फोटो काढला तर काय करणार, पण दार उघडं टाकून झोपायचं नाही. तीन सेकंदांचं दहा केलं. आणि नाव प्रत्येक चित्राखाली, त्याच स्लाइडवर. शेवटी एकत्र यादी दिली की ती कोणी वाचत नाही, लोक तेव्हा चपला शोधत असतात. लांबलचक तपशील, परवान्याची लिंक, कुठल्या तारखेला घेतलं, ते सगळं स्लाइडखालच्या, बघणाऱ्यांना न दिसणाऱ्या स्पीकर नोट्समध्ये, म्हणजे पुढचा सचिव आला तरी त्याला सापडेल.

कार्यक्रमाला सत्तरेक माणसं होती. सरांनी हळदणकरांच्या स्लाइडवर दहा मिनिटं म्हणून बावीस मिनिटं घेतली. जलरंगात पांढरा रंग बाहेरून लावत नाहीत, कागदाचाच पांढरा राखायचा असतो, हे सांगून ते पडद्याजवळ गेले आणि त्या बाईच्या बोटांवर स्वतःची सावली पाडत म्हणाले, "इथे बघा. ज्योत दिसतच नाही. हाताच्या आड आहे. बोटांच्या कडा लाल झाल्यात ना, त्यावरून ती आहे हे कळतं." मी हे चित्र शंभर वेळा पाहिलं असेल. बोटं पहिल्यांदा पाहिली.

फोटोवाला मुलगा आला होता, मागच्या रांगेत उभा. त्याची स्लाइड आली तेव्हा कोणीतरी जोरात म्हणालं, "ह्यो आमच्या जेटीवरचो!" किल्ला की फोटोवाला, ते कळलं नाही.

नेटवरच्या शोमध्ये एकोणतिसावी स्लाइड मात्र कोरी आहे. आंबोलीचा धबधबा होता तिथे, फार सुरेख फोटो, पण टिनआय, लेन्स, सगळं करूनही कोणाचा ते मिळालं नाही. तीसेक हॉटेलं आणि टूरवाले तो वापरतात, एकाच्याही खाली नाव नाही. काढून टाकला. त्याजागी सध्या नुसतं लिहिलंय, 'आंबोली, छायाचित्र यायचं आहे'. आत्ता धबधब्याला पाणी नाही. जूनमध्ये जाईन, छत्री आणि मोबाइलला प्लास्टिकची पिशवी घेऊन.